‘झालं’ म्हणजे नक्की काय? आमची वाटचाल

“यात पेटी कुठे टाकायची?” आमचं सॉफ्टवेअर पहिल्यांदा वापरायला बसलेल्या गोदामातल्या माणसानं हा प्रश्न विचारला आणि आमच्याकडे उत्तर नव्हतं. त्यांच्याकडे माल पेटीनं यायचा, पेटीनंच जायचा. सुटे नग क्वचित. आम्ही सगळी नोंद नगांवर बांधली होती. आठ महिने खपून केलेलं काम होतं ते. हाताशी १२० पानांचा, दोन्ही बाजूंच्या सह्या झालेला दस्तऐवज होता आणि त्यात ‘पेटी’ हा शब्द एकदाही आला नव्हता. दस्तऐवज ठरला तो ऑफिसात बसणाऱ्यांशी बोलून, वापरणारे मात्र गोदामात उभे होते. आमची आणि त्यांची पहिली भेट आठ महिन्यांनी झाली. पुढचे अडीच महिने आम्ही बिल न लावता दुरुस्ती केली.

आम्ही घाऊक व्यापाऱ्यांसाठी साठा आणि बिलिंगचं सॉफ्टवेअर बनवतो. सुरुवातीला तिघे होतो, त्या वेळी नऊ जण, आज चौदा. त्या प्रकल्पानं कंपनी जवळजवळ बुडवली, आणि त्यातूनच आम्ही अजाइलकडे, म्हणजे सॉफ्टवेअर थोडं थोडं बनवून ग्राहकाला दाखवत पुढे जायच्या पद्धतीकडे, वळलो. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतल्या स्नोबर्ड इथे १७ जणांनी एकत्र बसून अजाइलचा जो जाहीरनामा लिहिला, तो मी तेव्हा पहिल्यांदा नीट वाचला. चार मूल्यं आणि बारा तत्त्वं, इतकाच मजकूर. चालतं सॉफ्टवेअर लवकर आणि पुन्हापुन्हा ग्राहकाच्या हाती द्या, हे वाचताना मला तो गोदामातला माणूसच आठवत होता.

वाचणं सोपं होतं. आम्ही एका सहकाऱ्याला दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवलं, भिंतीवर कामांच्या कार्डांचा बोर्ड लावला, दोन आठवड्यांचा स्प्रिंट, म्हणजे कामाचा छोटा टप्पा, ठरवला आणि रोज सकाळी स्टँड-अप, म्हणजे उभ्याउभ्या घ्यायची छोटी बैठक, सुरू केला. महिनाभरात सगळं अंगवळणी पडल्यासारखं वाटलं. प्रत्यक्षात जुनंच काम नव्या नावांनी चाललं होतं.

स्टँड-अपचंच घ्या. पंधरा मिनिटांची बैठक चाळीस मिनिटं चालायची. काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय, या तीन प्रश्नांची उत्तरं प्रत्येक जण माझ्याकडे बघून द्यायचा. शेजारी उभ्या असलेल्या टेस्टरला जे सांगायला हवं, तेही मलाच. एक दिवस आमच्या सगळ्यात जुन्या टेस्टरनं मला बाजूला घेऊन सांगितलं, “सर, तुम्ही उद्यापासून स्टँड-अपला येऊ नका. तुम्ही असलात की अडचण कोणीच सांगत नाही.” मला वाईट वाटलं, पण मी गेलो नाही. आठवड्याभरात बैठक बारा-तेरा मिनिटांवर आली. पुढे २०२० मध्ये स्क्रम गाइडच्या, म्हणजे स्प्रिंट आणि स्टँड-अप ज्या स्क्रम पद्धतीतले तिच्या मार्गदर्शिकेच्या, नव्या आवृत्तीतून ते तीन प्रश्न काढून टाकले गेले आणि भर राहिला तो स्प्रिंटच्या उद्दिष्टाकडे आपण कुठवर पोचलो यावर. ते वाचून मला त्या टेस्टरची आठवण झाली.

दुसरी चूक पूर्णपणे माझी. कामाचा आकार मोजायला आम्ही स्टोरी पॉइंट वापरायचो. दोन टीम होत्या. एकीचे स्प्रिंटला तीस पॉइंट व्हायचे, दुसरीचे अठरा. दुसऱ्या टीमला मी कारण विचारलं. पुढच्या स्प्रिंटला त्यांचेही तीस झाले. काम तेवढंच होतं, अंदाज फुगले होते. पॉइंट हा त्या त्या टीमचा आपल्यापुरता अंदाज असतो, दोन टीमची तुलना त्यानं होत नाही, हे मला माहीत होतं आणि तरी मी ती केली. तो विश्वास परत मिळवायला फार वेळ लागला.

पण सगळ्यात जास्त आम्ही अडकलो ते ‘झालं’ या शब्दापाशी. डेव्हलपर म्हणायचा झालं, म्हणजे त्याच्या मशीनवर चाललं. टेस्टरकडे ते स्प्रिंटच्या नवव्या दिवशी पोचायचं आणि दहाव्या दिवशी डेमो. टेस्टिंग पुढच्या स्प्रिंटमध्ये ढकललं जायचं, तिथून त्याच्या पुढच्या. आठ महिन्यांची जुनी साखळी आम्ही दोन आठवड्यांत कोंबली होती, इतकाच फरक. शेवटी सगळे एकत्र बसलो आणि ‘झालं’ची व्याख्या लिहून बोर्डाच्या वर चिकटवली: दुसऱ्यानं कोड तपासला, ऑटोमेटेड टेस्ट (कोड आपोआप तपासणारे छोटे प्रोग्राम) लिहिल्या आणि पास झाल्या, टेस्टरनं हिरवा कंदील दिला, टेस्ट सर्व्हरवर चढवलं. पुढच्या स्प्रिंटमध्ये बारा ठरवलेल्या कामांपैकी या व्याख्येत बसणारी फक्त चार निघाली. ती संख्या क्लायंटला सांगायची माझी छाती होईना. आधी मी दर महिन्याला ‘सत्तर टक्के झालंय’ असं सांगत आलो होतो, मनापासून, आणि त्या सत्तर टक्क्यांना काहीच अर्थ नव्हता. अजाइलमुळे वाईट बातमी लवकर कळते. ती ऐकायची तयारी मालकाची नसेल तर टीमही हळूहळू ती लपवायला शिकते, हे मी माझ्याच ऑफिसात पाहिलं.

क्लायंटशी करार हा वेगळाच डोंगर. काम ठरलेलं, तारीख ठरलेली, रक्कम ठरलेली, आणि वर ‘तुम्ही अजाइल आहात ना, मग एवढा बदल करून द्या’. आता आम्ही तीन-तीन महिन्यांचे टप्पे करतो. नवं काम आत आलं तर तेवढ्याच आकाराचं बाहेर जातं, आणि कुठल्याही टप्प्यानंतर क्लायंट थांबू शकतो. या अटींवर एक मोठं काम हातचं गेलं. पगाराची चिंता लागून राहिलेले ते चार महिने मी विसरणार नाही. तरी अटी बदलल्या नाहीत, कारण जे क्लायंट राहिले त्यांच्या गोदामातली माणसं आता दर पंधरा दिवसांनी डेमोला हजर असतात.

कागदपत्रांबाबतही गैरसमज झाला. जाहीरनाम्यात सविस्तर कागदपत्रांपेक्षा चालत्या सॉफ्टवेअरला जास्त मोल दिलं आहे, पण कागदपत्रांनाही मोल आहे हे तिथेच स्पष्ट लिहिलंय. आम्ही लिहिणंच सोडून दिलं. कर आकारणीचा भाग लिहिणारा सहकारी सोडून गेला तेव्हा त्याचा फटका बसला.

चालू ग्राहकांच्या तक्रारी स्प्रिंटमध्ये बसत नाहीत, हे कळायला आम्हाला वर्ष लागलं. आता सपोर्टसाठी कानबान आहे. टोयोटाच्या कारखान्यातल्या कार्डांवरून आलेली ती पद्धत. एका वेळी तीनच कामं हातात. हिशेब सरळ आहे: हातात बारा कामं असतील आणि आठवड्याला तीन संपत असतील, तर एक काम सुरू होऊन संपायला सरासरी चार आठवडे लागतात. हातातली कामं कमी केली की ग्राहकाचं थांबणंही कमी होतं, माणसं न वाढवता.

पुढचं काय, हा प्रश्न हल्ली रोज पडतो. एआयच्या मदतीनं कोड आता झटपट लिहून होतो, आणि त्यामुळे आमच्या बोर्डावरची गर्दी सरकली आहे. ‘चालू’ या रकान्यात कार्डं थोडी, ‘तपासणीसाठी’ या रकान्यात ढीग. लिहिणारा एका दुपारी जेवढं लिहून घेतो तेवढं नीट वाचायला दुसऱ्याला दोन दिवस लागतात. काही जण म्हणतात, स्प्रिंट आता कालबाह्य झाला. मला तसं वाटत नाही. काही कामांना दोन आठवडे जास्त होतील, ते आम्ही कमी करू. पण पेटी की नग, हे गोदामात उभ्या असलेल्या माणसालाच विचारावं लागतं, आणि चुकीची गोष्ट भराभर बांधली तर आम्ही लवकर बुडू. म्हणून तपासणीच्या रकान्यालाही आम्ही तीनची मर्यादा घातली. तो भरला की कोणी नवं काम उचलायचं नाही, तपासायला बसायचं.

गेल्या रेट्रोत, म्हणजे स्प्रिंट संपल्यावर काय जमलं, काय चुकलं ते बोलायच्या बैठकीत, आमच्याकडच्या सगळ्यात नव्या मुलीनं चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘कोड एआय लिहितं, मग मी शिकणार कधी?’ त्यावर आम्ही बराच वेळ बोललो. रेट्रोतली एक तरी गोष्ट पुढच्या स्प्रिंटमध्ये घ्यायचीच, असा आमचा नियम आहे. या वेळी ठरलं ते असं: तिच्या कामाच्या टेस्ट आधी ती स्वतः लिहील, एआयला हात न लावता, आणि त्या जुन्या टेस्टर तिच्याशेजारी बसतील. स्प्रिंटचा आज चौथा दिवस आहे. तिचं पहिलं कार्ड अजून ‘चालू’मध्येच आहे आणि मी अजून तिला काही विचारलेलं नाही.