चवडा, खुबा आणि रेचक

मंगळवार, सकाळचा अभ्यास झाल्यावर

उद्या वर्गात तोलाची आसने घ्यायची आहेत, म्हणून वृक्षासनापासून सुरुवात करते.

वृक्षासन म्हटले की सगळ्यांचे लक्ष वर उचललेल्या पायाकडे जाते. काम मात्र खालच्या पायाचे असते. अंगठ्याचे मूळ, करंगळीचे मूळ आणि टाचेचा मध्य या तीन जागी वजन सारखे आले की उभे राहणे सोपे होते. नवशिक्यांचे वजन बहुधा टाचेवर किंवा पावलाच्या बाहेरच्या कडेवर जाते, आणि मग बोटे जमीन पकडू बघतात. बोटे आवळली की पोटरी ताठते. पोटरी ताठली की घोट्याला बारीक हालचाली करून सावरायला वावच राहत नाही आणि तोल जातो. घोटा थरथरतो त्यात चूक काही नाही, सावरणे ते असेच चालते. हे पहिल्याच दिवशी सांगून टाकावे, नाहीतर ती थरथर थांबवण्यासाठी माणूस सगळे अंग आवळून घेतो.

दुसरी गडबड खुब्यात होते. एका पायावर भार आला की त्या बाजूचा खुबा बाहेर सरकतो, कारण खुब्याच्या बाहेरच्या अंगाचे स्नायू कंबर समपातळीत धरायला कमी पडतात. वरचे पाऊल मांडीवर दाबायचे आणि मांडीने त्याला तितक्याच जोराने परत ढकलायचे. खुबा आपोआप आत येतो. पाऊल मांडीच्या आतल्या बाजूला वरपर्यंत गेले तर छान, नाहीतर पोटरीवर ठेवावे. गुडघ्यावर मात्र नाही. तो सांधा पुढेमागे वाकण्यासाठी आहे, आडवा दाब त्याला सोसत नाही. नजर डोळ्यांच्या पातळीवर, दीड-दोन मीटर अंतरावरच्या एखाद्या न हलणाऱ्या जागी. सुरुवातीला दर बाजूला पाच श्वास पुरेत, आणि भिंत हाताच्या अंतरावर असावी. डोळे मिटून करण्याची घाई नको. डोळे, आतला कान आणि पायाच्या स्नायू-सांध्यांतून येणारी जाणीव या तिघांवर तोल उभा असतो; त्यातले डोळे काढून घेतले की बाकी दोघांवर एकदम भार पडतो.

पण वर्गात बघायची खरी गोष्ट श्वास. आसन जमले की नाही हे आकारावरून ठरवणे मला पटत नाही. पश्चिमोत्तानासनात, म्हणजे पाय पसरून बसून पुढे झुकताना, एकाचे कपाळ गुडघ्याला लागलेले असते आणि श्वास छातीच्या वरच्या भागात अडकलेला. दुसऱ्याचे हात जेमतेम नडगीपर्यंत पोचतात, पाठ मात्र लांब आणि रेचक, म्हणजे श्वास सोडणे, सावकाश. आसन दुसऱ्याचे झाले. पहिल्याचे पाय मागच्या बाजूने आखडलेले असतात. ते स्नायू बैठकीच्या हाडांना खेचून धरतात, खुब्यांतून पुढे झुकता येत नाही, आणि सगळे वाकणे कमरेच्या मणक्यांवर येते. कमरेतली चमक बरेचदा इथून येते. चादरीची चार-पाच बोटे उंचीची घडी घालून तिच्या पुढच्या काठावर बसवावे, गुडघे थोडे वाकवू द्यावेत आणि खुब्यातून झुकायला सांगावे. डोके कुठे पोचले याची चर्चाच करू नये.

श्वास अडल्याच्या खुणा लांबूनही दिसतात: जबडा आवळलेला, नाकपुड्या फुगलेल्या, मानेच्या शिरा वर आलेल्या, आसन सोडताच मोठा सुस्कारा. यातली एक जरी दिसली तरी आसन अर्ध्यावर आणावे.

बैठ्या अभ्यासात चार मोजत पूरक (श्वास घेणे) आणि सहा मोजत रेचक. एक आकडा म्हणजे साधारण एक सेकंद धरला तर मिनिटाला सहा श्वास होतात. एरवी बसल्याजागी बारा ते वीस होतात. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात आणि सोडताना मंदावतात, म्हणून लांबवायचा तो रेचक. चूक होते ती ओढूनताणून लांबवण्यात. पुढचा पूरक घाईने, हपापल्यासारखा आत आला की आकडा मोठा झाला असे समजावे आणि तीन-चारवर यावे. सगळ्या वर्गासाठी मोठ्याने मोजणे टाळलेले बरे, कारण प्रत्येकाची फुप्फुसे वेगळी. कुंभक, म्हणजे श्वास रोखून धरणे, तर पुष्कळ पुढची गोष्ट. सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू वश होतात तसाच वायू, नाहीतर तो साधकाचाच घात करतो, असे हठप्रदीपिका या हठयोगाच्या जुन्या ग्रंथाने बजावून ठेवले आहे. कपालभाती आणि भस्त्रिका हे जोरकस, भराभर श्वासाचे प्रकार गरोदरपणात, उच्च रक्तदाबात किंवा हर्नियात देऊ नयेत. आधीच धास्तावलेल्या माणसाला तर त्यांनी छातीत धडधड वाढते.

मनाच्या बाबतीत सर्वांना एकच क्रम लावणे मला घातक वाटते. बेचैन माणसाला आल्याआल्या डोळे मिटून बसवले की विचार जास्तच घोंघावतात. त्याला आधी दहा-पंधरा मिनिटे उभ्या हालचाली द्याव्यात, श्वासाबरोबर हात वर-खाली, मग बसवावे. खचलेल्या, गळून गेलेल्या माणसाला उलट लांब पुढे झुकणारी आसने आणि अर्धा तास शवासन देऊ नये. छाती उघडणारी, पायांना काम देणारी आसने द्यावीत, डोळे उघडे ठेवून.

शवासनात कधी कुणाला रडू येते. तेव्हा जवळ जाऊन कारण विचारू नये, अर्थही सांगू नये. डोळे उघडले तरी चालेल, कुशीवर वळले तरी चालेल, एवढे सगळ्या वर्गाला उद्देशून हळू आवाजात म्हणावे. हात लावायचा तर आधी विचारून, आणि नाही म्हणणे सोपे जाईल अशा शब्दांत. झोप उडणे, जेवण तुटणे, जगण्यात राम नाही असे बोलणे वारंवार कानावर आले तर डॉक्टरांकडे पाठवावे. ते काम आसनांवर सोपवू नये.

उद्याचा तासाभराचा क्रम: बसून श्वास पाहणे पाच मिनिटे, सांधे मोकळे करणे दहा, ताडासन-वृक्षासन-त्रिकोणासन आणि बैठी आसने पंचवीस, चार-सहाचा श्वास दहा, शवासन दहा. कंबरदुखीवाल्यांच्या गुडघ्यांखाली लोड. वर्गाकडे तोंड करून दाखवताना ‘उजवा’ म्हणत आपला डावा पाय उचलायचा, आणि एकदा दाखवून झाले की आसन सोडून वर्गात फिरायचे. स्वतः एका पायावर उभे असताना दुसऱ्यांचे चवडे दिसत नाहीत.