सगळी उडून जाते ना?

थंडीच्या दिवसांत एका केळीच्या मळ्यात पार्टीचं काम लागलं. यजमान अमेरिकेत नोकरी करून आलेले, त्यामुळे मेनूत स्मोक्ड पोर्क रिब्स आणि व्हिस्कीचा सॉस. शिवाय फोन करून बजावलं, घरात 'डुक्कर' म्हणायचं नाही, 'रिब्स' म्हणायचं. आमच्याकडे मटण म्हणजे बोकडाचं. बरगड्या पुण्याहून बर्फाच्या पेटीत मागवल्या.

धुराचं आम्हा खान्देशवाल्यांना कुणी शिकवू नये. भरिताची वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजत मोठे झालोय. पण काडी भडकते आणि विझते, वांग्याला तेवढं पुरतं. बरगड्यांना पाच-सहा तास लागतात, तेही 110 अंशांच्या आसपास. ऑइलचा ड्रम उभा कापून, आतून लाल होईस्तोवर जाळून मी त्याची भट्टी करून घेतलीय. लाकूड सुक्या बाभळीचं. कडुनिंबाचं नको, खोक्यांच्या फळ्या तर नकोतच, त्यांच्यातला राळेचा वास मांसात बसतो. माझ्या हाताखालच्या पोराने मी पाठ फिरवताच ओलं लाकूड सारलं. म्हणे, "भाऊ, धूर तं पाहिजे ना!" पांढरा दाट धूर म्हणजे कडवटपणा. पातळ, निळसर, दिसेल न दिसेल असा धूर हवा. ते लाकूड बाहेर ओढून मी स्वतः ड्रमपाशी बसलो.

हाडाच्या बाजूला पातळ पापुद्रा असतो. चमच्याच्या दांड्याने एक टोक उचलायचं, कोरड्या फडक्याने धरून सरळ ओढायचं. तो राहिला तर मसालाही आत जात नाही आणि खाताना चामडं चावल्यासारखं वाटतं. तीन तास उघडा धूर, मग फॉइलमध्ये गुंडाळून दोन तास. मधे मांस 70 अंशांच्या आसपास येऊन अडतं. पाणी सुटून वाफ होत असते, ती उष्णता खाऊन टाकते. इथे घाई करून जाळ वाढवणारे आचारी मी खूप पाहिलेत. 90 च्या पुढे गेलं की चिवट भाग विरघळतो. चिमट्याने उचलल्यावर पट्टी वाकून वरून तडकली की झालं.

सॉस शेवटच्या तासात, कारण त्यात गूळ असतो आणि गूळ लवकर करपतो. टोमॅटो, लसूण, व्हिनेगर, मोहरी, लाल मिरची आणि यजमानांनी आणलेली बर्बन, म्हणजे अमेरिकन व्हिस्की. ती निम्म्याहून जास्त मक्याची, आतून जाळलेल्या नव्या ओक पिपात मुरवलेली. गुळाबरोबर तिचा वास असा जमतो की मलाच कौतुक वाटलं. पाव तास उकळल्यावर यजमान म्हणाले, वास कमी येतोय. म्हणून गॅस बंद करून वरून आणखी ओतली.

वाढायला उभा होतो. यजमानांचे एक नातेवाईक ताट घेऊन थबकले. यजमान लांबूनच म्हणाले, "दाजी, खा बिनधास्त, दारू सगळी उडून जाते." दाजींनी माझ्याकडे पाहिलं. "उडते ना हो भाऊ?"

नाही उडत. पाव तास उकळली तरी साधारण 40 टक्के राहते, आणि गरम पदार्थात नुसती ढवळली तर 85 टक्क्यांच्या घरात. पेटवून ज्वाळा दाखवली की उडाली, असं आमच्या धंद्यातले मोठमोठे लोक छातीठोक सांगतात. पेटवूनही तीन चतुर्थांश राहते. मी म्हटलं, "सगळी नाही उडत. तुम्हाला बिनसॉसची देतो." एक पट्टी नुसत्या मीठ-मिरचीची ठेवलेली होती. दाजी काही न बोलता ती घेऊन गेले. यजमानांचा चेहरा पडला.

थोड्या वेळाने दाजींच्या घरच्या बाई मागे ड्रमपाशी आल्या. दाजींची डायसल्फिरामची, म्हणजे दारू सोडवायला देतात ती, गोळी चालू होती. त्या गोळीवर थोडी दारू पोटात गेली तरी तोंड लाल होतं, छाती धडधडते, ओकाऱ्या होतात. माहेरी कुणाला माहीत नाही, तुम्हीही बोलू नका, म्हणाल्या. (म्हणून इथे गाव लिहिलेलं नाही आणि नातंही बदललंय.)

हिशोबाच्या वेळी यजमान म्हणाले, "चार लोकांत मला खोटं पाडलंत. 'हो' म्हणाला असतात तर काय बिघडलं असतं?" काय बिघडलं असतं ते मला माहीत होतं आणि सांगता येत नव्हतं. पैसे त्यांनी पूर्ण दिले, पण बोलले नाहीत.

आता काउंटरवर मी 'यात व्हिस्की आहे' अशी पाटी लावतो. पोरगा म्हणतो, भाऊ, त्यानेच गर्दी वाढते. वाढते खरी. परवा त्याच यजमानांचा फोन आला. बारशाचं जेवण, तेच रिब्स, तोच सॉस, फक्त पाटी नको, घरचेच लोक आहेत. घरच्यांत दाजीही असणारच. उद्यापर्यंत कळवतो म्हणालोय.