आमची वाटचाल: पायऱ्यांच्या पट्टीपासून

एक्स-रे मशीनच्या सर्व्हिसिंगमध्ये मी बारा वर्षं काढली. पुण्यातल्या एका दंतमहाविद्यालयात मशीन दुरुस्त करत असताना एमडीएस करणाऱ्या मॅडमनी विचारलं, "दातातलं खनिज किती कमी झालं, ते एक्स-रेवरून आकड्यात सांगता येईल का?" मी हो म्हणून बसलो. आमची फर्म निघाली ती त्या एका 'हो'मुळे.

वाटलं होतं, डिजिटल एक्स-रे म्हणजे मुळात आकडेच, करडी छटा मोजली की झालं. पण एकाच दाढेचे सकाळी आणि दुपारी काढलेले एक्स-रे ताडून पाहिले, तर छटांचा मेळच लागेना. दाढ तीच होती. डॉक्टरांना नीट दिसावं म्हणून सेन्सरचं सॉफ्टवेअर प्रत्येक प्रतिमेचा उजेड आणि कॉन्ट्रास्ट आपोआप बदलत होतं. डोळ्यांना ते सोयीचं, मोजणीला घातक. तेव्हापासून आम्ही प्रक्रिया न केलेली मूळ प्रतिमाच घेतो, जेपीईजी नाही. आणि प्रत्येक प्रतिमेत दाताशेजारी मोजपट्टी हवीच.

ही मोजपट्टी म्हणजे ॲल्युमिनियमचा पायऱ्यापायऱ्यांचा तुकडा, स्टेप वेज. एक्स-रे अडवण्याची ॲल्युमिनियमची रीत हाडाशी बरीच जुळते. छटेचा लॉगॅरिदम पायऱ्यांशी ताडला, की दात किंवा हाड 'इतके मिलिमीटर ॲल्युमिनियम' असं मोजता येतं. भोसरीच्या वर्कशॉपमधल्या काकांनी आमच्या पहिल्या तुकड्यावर एक फेरी मारली आणि मशीन थांबवलं. "साहेब, हा मिक्स माल आहे." तांबं किंवा जस्त मिसळलेलं असेल तर सगळी मोजणी चुकते, हे मी वाचलेलं होतं. त्यांना ते कटरखालीच कळलं. आजही आमच्या सगळ्या पट्ट्या तेच काढतात.

खरी परीक्षा हाडांवर झाली. मटणाच्या दुकानातून बकऱ्याच्या नळ्या आणल्या, साफ केल्या आणि मांसाऐवजी पाण्यात बुडवून त्यांचे एक्स-रे काढले. मग भट्टीत 600 अंशांवर जाळून राख तोलली. राख म्हणजे हाडातलं खनिज, तिथे वाद उरत नाही. आमचे आकडे राखेच्या वजनाशी जुळत गेले. फक्त दोन नळ्या फटकून राहिल्या, त्या सेन्सरच्या कडेला ठेवलेल्या. एक्स-रेचा झोत सगळीकडे सारखा नसतो. आता आधी रिकाम्या सेन्सरची प्रतिमा घेऊन ती असमानता काढून टाकतो.

दात मात्र अवघड. दाताच्या वरच्या कवचात, म्हणजे इनॅमलमध्ये, वजनाने सुमारे 96 टक्के खनिज, त्याखालच्या डेंटिनमध्ये साधारण 70, आणि एक्स-रेत दोन्ही एकमेकांवर पडतात. म्हणून एका दाताची दुसऱ्याशी तुलना आम्ही करत नाही. काढलेला दात खास साच्यात दरवेळी त्याच कोनात बसवायचा आणि आधीचा-नंतरचा फरक मोजायचा.

मागच्या वर्षी तपासणी शिबिरं घेणाऱ्या एकांनी मोठी ऑर्डर देऊ केली. हाताच्या एक्स-रेवरून टी-स्कोअर, म्हणजे निरोगी तरुणांच्या सरासरीशी ताडलेला हाडाच्या घनतेचा आकडा, छापून हवा होता. मोह झाला. साध्या एक्स-रेत हाडाची झीज डोळ्यांना दिसेपर्यंत 30 ते 40 टक्के खनिज गेलेलं असतं, त्यामुळे गरज खरीच आहे. पण टी-स्कोअरची उणे 2.5 ही ऑस्टिओपोरोसिसची, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याच्या आजाराची, मर्यादा मणका आणि खुब्याच्या डेक्सा तपासणीवर (हाडाची घनता मोजणाऱ्या खास एक्स-रे तपासणीवर) लावतात. आमच्या आकड्याला ती चिकटवली असती, तर कुणाची तरी औषधं उगाच सुरू झाली असती, किंवा राहून गेली असती. आम्ही नाही म्हटलं, आणि त्यांना जवळपासच्या डेक्सा केंद्रांची यादी करून दिली.