मीरशॉमची नोंद: पावसाळा संपल्यावर रंग कुठवर आला

मंडळी, मागच्या नोंदीनंतर पावसाळा सरला, दसरा झाला, हवा कोरडी झाली. पाइपांचा हिशेब मांडायला हीच वेळ बरी. मीरशॉम म्हणजे मऊ पांढरा दगड; त्याचे कोरलेले, मेण पाजलेले तंबाखूचे पाइप ओढता ओढता पिवळे-तपकिरी होत जातात. सध्या असे तीन मीरशॉम आहेत: एक साधा, गुळगुळीत, वाकड्या शँकचा (बाऊलपासून निघणाऱ्या दगडी नळीचा); एक जाळीच्या कोरीवकामाचा; आणि एक जुना, हाडाच्या स्क्रूचा, जो मी अजून पेटवलेला नाही. ब्रायरचे (लाकडाचे) पाइप वेगळे, त्यांच्याबद्दल आज काही नाही.

आधी साधा, कारण नोंदवण्यासारखं सगळं त्याच्यावरच घडतंय.

शँक आता पूर्ण मधाळ पिवळा झाला आहे, स्टेमच्या (तोंडात धरायच्या नळीच्या) बाजूला थोडा लालसर. बाऊलच्या (तंबाखू भरायच्या वाटीच्या) बुडाशी, जिथे धुराची वाट शँकला मिळते तिथे, तपकिरी कडं धरलंय. तिथून वर रंग फिकट होत जातो आणि वरचा तिसरा हिस्सा अजून जवळपास मूळचाच, हस्तिदंती. मला हे अपेक्षितच होतं. धुरातली वाफ पहिल्यांदा गार होते ती बुडाशी आणि शँकमध्ये. टार आणि तेलं तिथेच दगडात मुरतात आणि बाहेरच्या मेणात उतरतात. काठाजवळ विस्तवाची धग असते, ओल टिकत नाही, मग रंग तरी कशाचा धरणार? नव्या मंडळींना नेहमी वाटतं की काठ आधी रंगेल. काठ शेवटी रंगतो, आणि आधी काळा दिसलाच तर तो रंग नसतो, काजळी असते. ओलसर कापडानं पुसली की बरीचशी निघते.

याच पाइपावर मी वर्षभर एक गोष्ट पाहत आलोय: जोरात ओढल्यानं रंग लवकर येतो का? माझं उत्तर आता ठाम 'नाही' असं आहे. मधमाशीचं मेण साधारण ६२ ते ६४ अंश सेल्सियसला वितळतं. बाऊल हाताला चटका बसेल इतका तापला की त्या जागचं मेण पातळ होऊन दगडात आत जातं आणि तेवढा भाग निस्तेज, खडूच्या रंगाचा दिसू लागतो. माझ्या पाइपाच्या पुढच्या बाजूला असा एक डाग आहे. बाल्कनीत वारा सुटलेला असताना ओढलं की तोच भाग तापतो, कारण वाऱ्यानं निखारा फुलतो आणि आपण काही न करता तंबाखू भराभर जळते. हल्ली वारा असला की ब्रायर घेऊन बसतो आणि मीरशॉम घरात, बंद खिडकीपाशी. (घरच्यांना हे पटलेलं नाही, आणि त्यात चूक त्यांची नाही.) मेण पातळ व्हायला लागलं की थांबायचं, टँपरनं राख हलकी दाबायची, विझला तर विझू द्यायचा. विझलेला पाइप पुन्हा पेटवण्यात कसलाच कमीपणा नाही.

हा पाइप एस्किशेहिरहून आणलेला. कामानिमित्त अंकाराला होतो. तिथून हायस्पीड रेल्वेनं दीड तासाच्या आसपास वेळ लागतो. चांगला ब्लॉक मीरशॉम म्हटलं की आजही बोट तुर्कस्तानातल्या या एकाच शहराकडे जातं. शहराच्या आसपासच्या गावांत, उदाहरणार्थ बेयाझआल्तिनमध्ये, जमिनीत खोल विहिरीसारखे खड्डे खणून हा दगड काढतात. तो शिरेनं सापडत नाही. वेड्यावाकड्या गाठी मातीत विखुरलेल्या असतात, बऱ्याचशा मुठीएवढ्या किंवा त्याहून लहान. मोठी, निर्दोष गाठ दुर्मीळ, म्हणून मोठ्या बाऊलचा पाइप महाग. ओदुनपझारी या जुन्या वस्तीत अत्लीहान नावाचा हस्तकलेचा बाजार आहे, तिथे कारागीर काम करताना दिसतात. ओला दगड चाकूनं विनासायास सोलला जातो. खनिजांच्या कठीणतेच्या मोह्स मापनात त्याची कठीणता जेमतेम २ ते २.५, म्हणजे नखानंही ओरखडा पडू शकतो. कोरून झालं की वाळवतात, घासून गुळगुळीत करतात आणि गरम मेणात बुडवतात. आपण विकत घेतो तो चमकणारा पाइप म्हणजे मेण प्यायलेला दगड. एका उस्तानं (मुरलेल्या कारागिरानं) कच्चा, कोरडा तुकडा पाण्याच्या वाडग्यात टाकून दाखवला. तरंगला. सच्छिद्रपणा एवढा की पाणी पिऊन जड होईस्तोवर बुडत नाही. जवळच कुर्शुन्लू मशिदीच्या आवारात मीरशॉमचं संग्रहालय आहे. जाल तेव्हा ते चुकवू नका, तिथलं कोरीवकाम बघितल्यावर दुकानातले दाढीवाल्या सुलतानांच्या चेहऱ्याचे पाइप जरा कमी मोहात पाडतात.

खनिज म्हणून याचं नाव सेपिओलाइट, मॅग्नेशियमचं पाणीदार सिलिकेट. त्याच्या स्फटिकात सूक्ष्म बोगदे असतात आणि ओल तिथे शिरते. सेपिओलाइटचं मोठं उत्पादन स्पेनमध्ये, माद्रिदच्या परिसरात होतं आणि त्यातलं बरंचसं मांजरांच्या शौचपेटीत जातं. मला हे कळल्यापासून पाइपकडे बघण्याची दृष्टी किंचित नम्र झाली आहे. पण तत्त्व तेच: ओल शोषणं. मांजर असो वा लटाकिया (धुरावलेली तंबाखू).

आता तंबाखूचं. पावसाळ्यात मी हा पाइप मुद्दाम कमी वापरला. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये डबा उघडल्यावर तंबाखू हवेतली ओल धरते आणि आधीच ओलसर असलेला फ्लेक (दाबून कापलेली तंबाखूची चकती) पेटता पेटत नाही. मग माणूस जोरात ओढतो, वाफ वाढते, बुडाशी गुळगुळ आवाज सुरू होतो, धूर जिभेला चावतो. त्यावर माझा उपाय: भरण्याआधी फ्लेक चोळून सुटा करायचा, कागदावर पसरून टेबल-लॅम्पखाली ठेवायचा, चिमटीत दाबून सोडल्यावर गोळा न होता उलगडला की भरायचा. डब्यावर लिहिलेल्या वर्णनापेक्षा हा एवढा उपचार चवीत जास्त फरक पाडतो. साखरेचा हात जास्त असलेले अरोमॅटिक मी मीरशॉममध्ये जवळजवळ बंद केलेत. वास छान, पण ओल फार. व्हर्जिनिया तंबाखू आणि थोडी पेरिक (आंबवलेली तंबाखू), किंवा लटाकियाचं इंग्लिश मिश्रण, हे माझ्या या दगडाला मानवतं. मीरशॉमचं मोठं सुख असं की काल लटाकिया ओढली म्हणून आजच्या व्हर्जिनियाला तिचा वास फारसा लागत नाही. ब्रायरमध्ये हा वास महिनोन्‌महिने हटत नाही. नवी मिश्रणं चाखायला म्हणूनच मी हाच पाइप काढतो.

आणि हो, तंबाखू ती तंबाखूच. धूर छातीत न घेता तोंडातच ठेवला म्हणून तोंडाच्या कर्करोगाचा धोका टळत नाही. ज्यांनी सुरू केलेलं नाही त्यांनी ही नोंद दगडाची म्हणून वाचावी.

निगेबद्दल मला प्रत्येक वेळी तेच प्रश्न येतात, तेव्हा माझी मतं एकदाच लिहून ठेवतो. ब्रायरमध्ये आपण आतून कार्बनची खरवड जमू देतो, मीरशॉममध्ये ती जमू द्यायची नाही. या दगडाला जळण्याची भीती नाही, त्यामुळे संरक्षणाची गरजच नाही. उलट थर जाड झाला की तापल्यावर तो वेगळ्या प्रमाणात फुगतो आणि नाजूक भिंतीला तडा जाऊ शकतो. शिवाय त्या थरामुळे टार दगडात मुरतच नाही, म्हणजे रंगाचीही वाट बंद. पाइप पूर्ण गार झाल्यावर आतून कागदी नॅपकिनचा बोळा फिरवायचा, बस. चाकूनं खरवडायचं नाही.

स्टेम गरम पाइपातून काढायचा नाही, हा दुसरा नियम. नव्या पाइपांत प्लॅस्टिकचा पुश-टेनन (स्टेम शँकमध्ये दाबून बसवायची खुंटी) असतो, आणि गरम असताना तो घट्ट बसलेला असतो. ओढाताण केली तर शँक हातात येतो. गार झाल्यावर, पिळत पिळत, सरळ रेषेत. धूर निघून गेल्यावर लगेच एक पाइप क्लीनर स्टेम न काढताच आत सारून ओल टिपून घेतली तर उरलेलं काम निवांत करता येतं. राख पाडण्यासाठी पाइप तळहातावरसुद्धा आपटू नका. चमच्यानं काढा.

तिसरा नियम सगळे सांगतात: बाऊलला बोट लावू नका, डाग पडतात. इथे मी थोडा बंडखोर आहे. गरम बाऊलला घामट बोटं लावू नयेत, कबूल. मेण मऊ असतं तेव्हा त्यावर ठसा उमटतो. एकोणिसाव्या शतकात शौकीन लोक पाइपाला मऊ कातड्याचं आवरण घालायचे, तेही समजण्यासारखं आहे. पण हातमोजे घालून ओढणारे लोक पाहिले की वाटतं, हा पाइप आहे की देव्हाऱ्यातली मूर्ती? मी शँक आणि स्टेमला धरतो, गार असताना बिनधास्त हाताळतो. माझ्या साध्या पाइपावर ठशांचा एकही डाग नाही.

अल्कोहोलबद्दल: स्टेममध्ये क्लीनरला थोडं लावून चालतं, पण दगडाच्या आत ओतणं वगैरे प्रकार ब्रायरवाल्यांनी ब्रायरपुरते ठेवावेत. लायटर मऊ ज्योतीचा किंवा काडेपेटी. जेट लायटर काठ जाळतो.

मेणाचा उपचार मी या दिवाळीच्या सुट्टीत साध्या पाइपाला केला. स्टेम काढला, बाऊलच्या तोंडात आणि शँकच्या भोकात नॅपकिनचे बोळे घट्ट बसवले, म्हणजे मेण आत जाणार नाही. शुद्ध मेण पाण्याच्या भांड्यात ठेवलेल्या वाटीत वितळवलं, थेट आचेवर नाही. पाइप हेअर ड्रायरनं हळूहळू सगळीकडून तापवला आणि ब्रशनं मेण फिरवलं. तापलेला दगड मेण पितो, ते पृष्ठभागावरून नाहीसं होताना दिसतं. पुरेसं झालं की ड्रायर फिरवत राहून जादाचं मेण सुती कापडानं टिपलं. चमक परत आली, पुढचा खडूच्या रंगाचा डाग बराच मिटला. गंमत म्हणजे शँकवरचा पिवळा लगेच दोन छटा गडद दिसू लागला. तो नवा रंग नव्हे, आतला होता तोच मेणामुळे उठून दिसतोय. म्हणून मेणानंतर लगेच काढलेल्या फोटोवरून प्रगती मोजू नये. आठवड्याभरानं दिसेल तो खरा.

जाळीच्या पाइपाबद्दल थोडकंच. रंग जवळजवळ नाही. बाऊल लहान, तंबाखू कमी मावते, आणि माझा हातही त्याच्याकडे कमी जातो. जाळीच्या खाचांत धूळ बसते, ती मऊ कोरड्या ब्रशनं काढावी लागते. दिसायला सुरेख, पण आता घ्यायचा झाला तर मी गुळगुळीतच घेईन. गुळगुळीत पाइपात दगडाचे दोष लपवता येत नाहीत, म्हणून कारागिराला चांगला तुकडाच वापरावा लागतो. बारीक राखाडी ठिपके मात्र दोष मानू नका, ते नैसर्गिक असतात. संशय घ्यावा तो अगदी एकसारख्या, हाताला जड लागणाऱ्या 'मीरशॉम'चा. भुकटी आणि तुकडे चिकटवून दाबलेला माल तसा असतो आणि तो नीट रंगत नाही. आफ्रिकी मीरशॉमही जड असतो, पण ती फसवणूक नव्हे. टांझानियाचे हत्तीच्या खुणेचे किको पाइप त्याच दगडाचे, आणि ओढायला छान.

तिसरा, जुना, बाजारात एका पेटीत इतर किरकोळ वस्तूंबरोबर मिळाला. सिगारसाठीचा होल्डर नव्हे, खरा पाइप. चांदीची कडी, अंबरसारखा दिसणारा स्टेम, रंग तांबूस तपकिरी, एखाद्यानं खूप प्रेमानं ओढलेला. घडण युरोपीय वाटते. एकोणिसाव्या शतकात कच्चा दगड पेट्या भरभरून व्हिएन्नाला जायचा आणि कोरीवकामाची राजधानी तीच होती. तुर्कस्ताननं कच्च्या दगडाची निर्यात १९७० च्या दशकात बंद केली, तेव्हापासून कोरणं घरीच होतं. माझा पाइप व्हिएन्नाचाच असं मी म्हणणार नाही, छाप नाही. स्टेम लोकरीवर घासल्यावर कागदाचे कपटे उचलतो, पण काही प्लॅस्टिकही उचलतात, तेव्हा तेवढ्यानं निकाल लागत नाही. खरा अंबर असू शकतो हे धरून त्याला अल्कोहोल अजिबात लावलेलं नाही. अंबरचा पृष्ठभाग त्यानं खराब होतो. नुसत्या कोमट पाण्यात किंचित भिजवलेला क्लीनर, तोही लगेच कोरडा करून.

अडचण स्क्रूची. हाडाचा टेनन शँकमध्ये आट्यांनी बसतो आणि माझा पूर्ण फिरवल्यावर स्टेम चतुर्थांश फेरा पुढे जातो, म्हणजे ओठाची बाजू तिरकी येते. आटे झिजलेत. शँकमधल्या आट्यांना मेणाचा पातळ हात देऊन स्टेम सरळ रेषेत थांबतो का, ते पुढच्या रविवारी बघणार आहे. नाही जमलं तर कागदाची अगदी बारीक चकती मध्ये घालेन. प्लॅस्टिकचा पुश-टेनन बसवून घ्या असा सल्ला दोघांनी दिलाय. त्यासाठी शँकमध्ये भोक मोठं करावं लागेल आणि एवढ्या जुन्या दगडावर ड्रिल चालवायला मी तयार नाही. कुणी हाडाचा टेनन नव्यानं कातून घेतला असेल तर कोणत्या हाडाचा, आटे किती बारीक, आणि लेथवाल्याला ते कसं समजावलंत, हे जरूर कळवा.