जोडी घ्या, एकटा ससा जगत नाही

ससा आजारी आहे असा फोन आला की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: शेवटचं कधी खाल्लं? कुत्र्याने एक दिवस जेवण टाकलं तर 'उद्या सकाळी या' म्हणता येतं. सशाने दहा-बारा तास कशालाच तोंड लावलं नाही, तर आजच नाही, आत्ता.

मे महिन्यातला शनिवार होता. फोनवरचे गृहस्थ म्हणाले, "काल रात्री थोडं गाजर खाल्लं, बाकी काही नाही." घड्याळात दुपारचे साडेतीन वाजून गेले होते. "आहात तसे निघा," म्हटलं.

माझा प्राण्यांचा दवाखाना मुंबईत, भांडुप पश्चिमेला. ते कांजूर गावातून रिक्षा करून आले. वडील, तिसरीतली मुलगी आणि आजी. मुलीच्या हातात बुटांचा खोका, झाकणाला कर्कटकाने पाडलेली भोकं. आत पांढरा, लाल डोळ्यांचा ससा. नाव बर्फी. घरी आणखी एक होता, लाडू. आठवड्यापूर्वी आठशे रुपयांना जोडी आणलेली. दुकानदाराने वय सांगितलं होतं दोन महिने.

बर्फी वजनकाट्यावर भरली तीनशे दहा ग्रॅम. दोन महिन्यांची असती तर सहज याच्या दुप्पट भरली असती. माझ्या अंदाजाने महिन्याची, फार तर दोन-चार दिवस इकडेतिकडे. म्हणजे दुकानात आली तेव्हा अजून आईच्या अंगावर पीत असायला हवी होती.

कान हातात धरले तर गार. बाहेर चौतीस अंश, माझ्या पाठीला ॲप्रन चिकटलेला, आणि हिचे कान गार. सशाचं अंग साधारण साडेअडतीस ते चाळीस अंशांत असतं. थर्मामीटरवर आकडा आला छत्तीस पूर्णांक चार. पोट डफासारखं ताणलेलं. स्टेथोस्कोप लावला. निरोगी सशाच्या पोटात सतत काहीतरी गुडगुडत असतं, इथे अगदी सामसूम. तोंड मात्र हलत होतं.

"बाबा, बघा ना, ती काहीतरी खातेय!" मुलगी एकदम खुशीत आली.

खात नव्हती. दुखायला लागलं की ससा दात करकरवतो. ओरडत नाही, विव्हळत नाही. ज्याला सगळेच खायला टपलेले असतात तो प्राणी दुखणं दाखवत नाही, आणि म्हणूनच ससे माझ्याकडे नेहमी उशिरा येतात. मुलीला मी एवढंच सांगितलं की तिच्या पोटात दुखतंय.

काय काय दिलं ते विचारलं. गाजर, कोबी, दूधपोळी. परवापासून पातळ व्हायला लागलं म्हणून वडिलांनी दुकानात फोन केला. दुकानदार म्हणाला, घरात मुलांचं अँटिबायोटिक सिरप असेल तर थोडं पाजा, बरा होतो. मुलीच्या खोकल्यातली ॲमॉक्सिसिलिनची बाटली फ्रिजमध्ये होतीच. ते दोन दिवस दिलं होतं.

आता हे कांजूरच्या एका कारखान्यात सुपरवायझर असलेल्या माणसाला कुठून ठाऊक असणार? सशाचं सगळं पचन त्याच्या मोठ्या आंधळ्या आतड्यातल्या जंतूंवर चालतं. हे औषध तोंडावाटे गेलं की त्यातले चांगले जंतू मरतात आणि विष तयार करणाऱ्यांचं फावतं. माणसाच्या पोराला जे औषध आपण डोळे मिटून देतो, ते सशाचा जीव घेऊ शकतं. मुळात आईचं दूध सुटण्याचा काळच सशाच्या पिल्लाला सगळ्यात नाजूक. त्यात प्रवास, गर्दी, कोबी, आणि वर हे.

गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून दोन्ही बाजूंना ठेवल्या. कोमट सलाईन कातडीखाली दिलं, वेदनाशामक दिलं. आजींनी न सांगता खोका जवळ ओढून पंख्याचा वारा अडवला. पुढचा तास-सव्वा तास आम्ही जे करता येईल ते केलं. पाच वाजायच्या सुमाराला बर्फी गेली.

मुलगी रडली नाही. तिने विचारलं, "मग लाडू पण मरणार?" त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. त्याचं खाणं ताबडतोब बदला आणि त्याला घेऊन या, एवढं सांगितलं.

वडिलांचा पारा चढला. माझ्यासमोरच त्यांनी दुकानात फोन लावला, स्पीकरवर. पलीकडून आवाज अगदी शांत: "साहेब, जिवाची गॅरंटी कोण देणार? पण तुम्ही आपली माणसं. या, बदलून देतो."

बदलून देतो! मी फोन मागून घेतला. भांडायचं नव्हतं. विचारलं, त्याच खेपेतले अजून किती आहेत? सात होते, आता पाच. जुलाब कुणाला? जरा वेळ काहीच आवाज नाही. मग, "दोघांना आहे, मॅडम." म्हटलं, पाचही घेऊन या, फी घेणार नाही.

येईल असं मला वाटलं नव्हतं. अर्ध्या तासात आला. स्कूटरवर पायाशी संत्र्यांचा खोका, त्यात कागदाच्या कपट्यांवर पाच पिल्लं. चाळिशीचा माणूस. वडिलांच्या काळापासून दुकान, आधी फक्त मासे आणि टाक्या, मग पक्ष्यांचे पिंजरे, मग ससे. कसाई वगैरे काही दिसला नाही. पिल्लांना उचलताना त्याचा हात हलका होता. कान धरून उचलणारे पाळणारेही मी पाहिलेत.

मी पिल्लं तपासत होते आणि तो बोलत होता. माल शुक्रवारी पहाटे टेम्पोने येतो, भाजीच्या क्रेटमधून. शनिवार-रविवारी विकला गेला तर ठीक, नाहीतर सोमवारपासून मरतूक सुरू. "ती धरूनच भाव लावतो, मॅडम. सगळेच लावतात." मरतूक हा शब्द मी कोंबड्यांच्या शेडवर ऐकत आलेय. मुलांच्या वाढदिवसाला दिल्या जाणाऱ्या प्राण्याच्या धंद्यातही तोच चालतो, हे मला ठाऊक होतं, पण दुकानदाराच्या तोंडून इतक्या सहज पहिल्यांदाच ऐकलं.

"एवढी लहान का आणता?"

"मोठा कोण घेतो? गिऱ्हाइकाला तळहातावर मावणारा पाहिजे."

"आणि जोडीच का देता?"

"एकटा ससा जगत नाही ना." हे अर्धं खरं आहे. सशाला सोबत लागते. पण महिन्याच्या पिल्लाचा नर-मादी मलाही दिव्याखाली धरून खात्रीने सांगता येत नाही, आणि हा काउंटरवर शेपटी वर करून 'दोन्ही मादी' म्हणून देत होता. नर-मादी निघाले तर चौथ्या महिन्याच्या आसपास ती जोडी वयात येते. एकतीस दिवसांत पिल्लं, आणि व्यायल्या दिवशी मादी पुन्हा गाभण राहू शकते. वन रूम किचनमध्ये हा हिशोब कुठे जातो ते मी बघत असते. कुणी सोसायटीच्या बागेत सोडतं, कुणी आरेच्या जंगलात. 'निसर्गात सोडलं' म्हणून वर समाधान. हे पांढरे ससे मूळचे युरोपातल्या, बिळात राहणाऱ्या जातीचे. आपला रानातला ससा वेगळा, तो १९७२च्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे. पिंजऱ्यात वाढलेला पांढरा ससा आरेत कुत्री, मांजरं, घारी यांच्यासमोर एक रात्र काढली तरी नशीब. आणि पाळीव प्राणी असा टाकून देणं हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, हे सोडणाऱ्याच्या गावीही नसतं.

मुलीचे वडील बाकावरून हे ऐकत होते. त्यांनी मध्येच विचारलं, पोलिसांत तक्रार केली तर? करा, म्हटलं. पण त्याच १९६०च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड आहे दहा ते पन्नास रुपये. ते हसले. दुकानदारही हसला, मग ओशाळला.

२०१८ सालचे पेट शॉपचे वेगळे नियम आहेत. राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे दुकानाची नोंदणी हवी, जनावर कुठून आणलं, कुणाला विकलं, किती मेलं याच्या नोंदी हव्यात, दूध न सुटलेलं पिल्लू विकता येत नाही. मी दुकानदाराला विचारलं, नोंदणी आहे? "आहे ना, गुमास्ता आहे." गुमास्ता लायसन तर शेजारच्या मोबाईल रिचार्जवाल्याकडेही असतं. या नियमांचं नाव त्याने खरोखरच ऐकलं नव्हतं. नाटक करणारा माणूस कळतो.

पण मला धक्का बसला तो पुढच्या हिशोबाने. मी विचारलं, एका सशामागे सुटतात किती? म्हणाला, मरतूक वजा जाता शंभरही नाही. "पण ससा घेतला की पिंजरा आला, पाण्याची बाटली आली, दाणे आले. दोन हजारांचं बिल होतं. खरं सांगू? ससा फुकट दिला तरी मला परवडेल."

म्हणजे काचेच्या पेटीतली ती पिल्लं ही पिंजऱ्याची जाहिरात. आणि तो पिंजराही बहुधा जाळीच्या तळाचा, ज्यावर बसून सशाच्या मागच्या पायांना जखमा होतात. पिशवीतले रंगीत दाणे तर न दिलेले बरे. सशाला मुख्यतः गवत लागतं, रोजच्या खाण्याचा ऐंशी टक्क्यांहून जास्त भाग. दात जन्मभर वाढत असतात, ते गवत चघळूनच झिजतात. परदेशी गवताची पाकिटं महाग पडतात. मी लोकांना तबेल्यांना सुकं गवत पुरवणारा माणूस गाठायला सांगते. आजी इतका वेळ गप्प होत्या. त्या म्हणाल्या, "मग गणपतीची दूर्वा चालेल की!" चालेल काय आजी, धावेल. स्वच्छ धुऊन द्या.

सशांची दुकानातली विक्री बंद करा म्हटलं की लोक म्हणतात, मग धंदा ऑनलाइन जाईल, लपूनछपून चालेल. थोडा जाईलही. पण शोधून, विचारून, फोन करून ससा आणणारा माणूस आणि शनिवारी संध्याकाळी पोरीने काचेला नाक लावलं म्हणून चारशे रुपये काढून देणारा बाप, यांत फरक आहे. माझ्या टेबलावर येणारे बहुतेक ससे दुसऱ्या प्रकारचे. आठ-दहा वर्षं जगणारा प्राणी आपण घरी नेतोय हे त्या बापाला कुणी सांगितलेलंच नसतं. नराच्या नसबंदीचा खर्च सांगितला की तो सशाच्या किमतीशी ताडून बघतो. चारशेच्या सशावर चार हजार? स्वस्त जीव असा महागात पडतो, आणि मग आरे आठवते.

कॅलिफोर्नियात २०१९पासून दुकानांना कुत्री, मांजरं आणि ससे फक्त निवारागृहांतून किंवा बचाव संस्थांकडूनच आणून देता येत होते, २०२१पासून तीही विक्री बंद झाली. न्यूयॉर्क राज्यात डिसेंबर २०२४पासून या तिन्हींची दुकानातली विक्रीच बंद झाली. आपल्याकडे ते जसंच्या तसं उचलून चालणार नाही. तिथे टाकलेल्या सशांना ठेवायला जागा आहेत. मुंबईत टाकलेला ससा जातो तो कुणाच्या तरी बाल्कनीत, आणि अशा बाल्कन्या असून असून किती? म्हणूनच मला वाटतं, आपल्याकडे नळ आधी बंद करायला हवा. लादी पुसायची सोय आपल्याकडे त्यांच्याहून कमी आहे.

पाचातली दोन त्याच रात्री गेली. तीन तगली. मुलीला त्यातलं एक हवं होतं, मी नाही म्हटलं. लाडू नर निघाला, तोही जगला. त्याच्यासोबत दुसरा ससा वाढवायचा तर दोघांची नसबंदी, आणि तोवर वेगळी जागा. वडिलांनी सरळ सांगितलं, मॅडम, आत्ता नाही झेपणार. मला ते उत्तर आवडलं. आठवड्यापूर्वी दुकानात कुणी हे विचारलं असतं तर त्यांनी तिथेही हेच दिलं असतं. तिन्ही पिल्लं ठाण्यातल्या एका जोडप्याकडे गेली. त्यांच्याकडे आधीपासून ससे आहेत, आणि नसबंदीचा खर्च आम्ही वाटून घेतला.

पावसाळा लागल्यावर दुकानदार पुन्हा आला, एका गिऱ्हाइकाचा बजरीगर, म्हणजे छोटा परदेशी पोपट, दाखवायला. सशांचं विचारलं. म्हणाला, बंद केले. काचेच्या पेटीत आता मांजरांचं खाद्य लावलंय. मी काही बोलायच्या आत म्हणाला, "खूश होऊ नका. स्टेशनपलीकडच्या दुकानाने दोन पेट्या वाढवल्यात. माझी गिऱ्हाइकं तिकडे जातात आणि पिंजराही तिकडूनच घेतात. मी एकट्याने बंद करून काय झालं? सगळ्यांना बंद करा, मग माझी ना नाही."

हे लिहून द्याल का, विचारलं. त्याने बराच वेळ बजरीगरच्या पिंजऱ्याकडे बघितलं. मग म्हणाला, मराठीत लिहा, मला कळेल असं.

अर्ज एका पानाचा झाला. मागण्या दोन. नोंदणी नसलेल्या दुकानांवर २०१८च्या नियमांप्रमाणे कारवाई करा, आणि दुकानांतली सशांची विक्री पूर्ण थांबवा. पहिली सही त्याची, खाली दुकानाचा शिक्का. दुसरी लाडूवाल्या वडिलांची. दुकानदाराच्या ओळखीचे आणखी दोन पेट शॉपवाले सही करू म्हणतायत, पण त्यांचं म्हणणं आधी शिल्लक माल संपू दे. तेवढ्यासाठी अर्ज अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. या शुक्रवारी त्यांच्याकडे नवी खेप आली नाही, तर सोमवारी जाऊन देणार आहे. आली, तरी देणारच आहे.