सायकोसिसमध्ये 'लवकर' म्हणजे कधी? माझ्या रिव्ह्यूची रखडपट्टी

विषय घेतला तेव्हा वाटलेलं सोप्पं आहे. कमी-मध्यम उत्पन्नाच्या देशांत सायकोसिसच्या (म्हणजे भास-भ्रम होऊन वास्तवाशी संबंध तुटतो त्या आजाराच्या) पहिल्या एपिसोडला लवकर उपचार मिळावेत म्हणून काय काय करून बघितलंय ते शोधायचं, टेबल करायचं आणि लिहून टाकायचं. चार महिने धरलेले, अकरा लागले, आणि त्यातले पहिले दोन तर सर्चच चुकला म्हणून पाण्यात गेले.

झालं काय, मी 'अर्ली इंटरव्हेन्शन' हा शब्दच धरून बसले. मेलबर्नला १९९२ साली मानसोपचारतज्ज्ञ पॅट्रिक मॅकगोरींच्या टीमने जे सुरू केलं तसल्या सर्व्हिसना हे नाव चिकटलंय, म्हणजे वेगळी टीम, एक-दोन वर्षं किंवा जास्तच तेच लोक पेशंटसोबत, औषधं कमी डोसवर, घरच्यांशी बोलणं, शिक्षण-नोकरीसाठी मदत. आता जिथे अशी टीमच नाही तिथले डॉक्टर पेपरला हे नाव कशाला देतील? रिझल्टमध्ये सगळे श्रीमंत देश. शेवटी गाईड मॅडम वैतागून म्हणाल्या, "अगं, नाव काय दिलंय ते सोड, काम काय केलंय ते बघ."

मग हळूहळू सापडायला लागलं. पेशावरचा एक ट्रायल मला फार आवडला, त्यांनी टीबीच्या डॉट्सची आयडिया उचलली, घरातल्या एका माणसाने रोजची गोळी आपल्यासमोर द्यायची आणि औषध फुकट. एवढंच! आणि गोळ्या नियमित घेणं सुधारलं. चेन्नईची स्कार्फ ही मानसिक आरोग्यावर काम करणारी संस्था आणि मॉन्ट्रियलची टीम यांनी मिळून केलेलं काम तर मी दोनदा वाचलं, कारण दोन्हीकडे साधारण सारखीच सर्व्हिस ठेवून तुलना केलीय, आणि चेन्नईत घरचे लोक उपचारात खूप जास्त गुंतलेले दिसले.

पुढचा गोंधळ वर्ल्ड बँकेचा. 'कमी आणि मध्यम उत्पन्न' ही यादी दरवर्षी बदलते हे मला ठाऊकच नव्हतं. चिलीने २००५ पासून स्किझोफ्रेनियाच्या (हा सायकोसिसचाच एक प्रकार) पहिल्या एपिसोडचे उपचार कायद्याने हमी दिलेल्या यादीत घातले, माझ्या विषयाला इतकं चपखल उदाहरण दुसरं नाही, आणि २०१३ मध्ये चिली उच्च उत्पन्नाच्या यादीत गेला. ठेवायचा की काढायचा? डेटा गोळा केला त्या वर्षीचा गट धरायचा असं ठरवलं, मग रजिस्टर केलेला प्रोटोकॉल, म्हणजे रिव्ह्यू कसा करणार याचा आधीच नोंदवलेला आराखडा, पुन्हा बदलला, मग आधी स्क्रीन केलेले सगळे पेपर पुन्हा उघडले.

सगळ्यात मोठं दुःख मात्र सातारा, गोवा आणि कांचीपुरमच्या ट्रायलचं. लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमध्ये २०१४ ला आलेला, २८२ पेशंट, गावातलेच प्रशिक्षित कार्यकर्ते घरी जाऊन मदत करतात. इतका व्यवस्थित अभ्यास आणि मला तो बाहेर ठेवावा लागला, कारण त्यात पहिल्या एपिसोडचे नाही, जुने पेशंट होते. नियम मीच केलेला, कोणाला बोलणार.

आणि मग डीयूपी, म्हणजे लक्षणं सुरू झाल्यापासून उपचार मिळेपर्यंतचा काळ. २००९ चा एक रिव्ह्यू सांगतो की कमी-मध्यम उत्पन्नाच्या देशांत तो सरासरी १२५ आठवडे आणि श्रीमंत देशांत साधारण ६३. आकडा बघून मी उडालेच, पहिल्याच पानावर टाकला. नंतर एकेक मूळ पेपर वाचत गेले तेव्हा कळलं की सुरुवात म्हणजे पहिला भास की घरच्यांना पहिल्यांदा काहीतरी वेगळं वाटलं तो दिवस, हे जो तो आपापल्या परीने ठरवतोय. शेवट तर त्याहून अवघड, कोणी पहिली गोळी धरतं, कोणी डॉक्टरची पहिली भेट, कोणी महिनाभर नीट चाललेले उपचार. आणि मधे मांत्रिक, बाबा, देवऋषी यांच्याकडे गेलेले महिने हे 'उपचाराविना' आहेत हे आपण म्हणतो, त्या आईला विचारलं तर ती म्हणेल आम्ही उपचारच करत होतो की.

आता माझ्या टेबलात दोन रकाने जास्तीचे आहेत, 'कधीपासून मोजलं' आणि 'कुठवर मोजलं'. दुसरा बऱ्याच ओळींत रिकामा आहे. लेखकांना ईमेल टाकलेत, दोघांचं उत्तर आलंय, आणि १२५ चा आकडा मी पहिल्या पानावरून उचलून आत, या दोन रकान्यांच्या शेजारी नेऊन ठेवलाय.