मुलाच्या आकड्यात आईचा आकडा

"आईला चाचणी नकोय, मला हवीय. मग अडचण काय?" तरुणाने आल्या आल्या विचारलं. वय 26, लग्न ठरलेलं. आई शेजारी बसून होती. तिच्या वडिलांना हंटिंग्टन हा घराण्यात उतरणारा मेंदूचा आजार होता. साठी गाठायच्या आत हातपाय आपोआप हलू लागले, तोल जाऊ लागला, आणि गाव म्हणत राहिलं की म्हातारा पितो. त्यांचा जुना रिपोर्ट फाइलमध्ये होता : सीएजी 17 आणि 41.

चौथ्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात सीएजी ही तीन अक्षरं आपल्या सगळ्यांतच एकापाठोपाठ पुन्हा पुन्हा येतात. 26 वेळांपर्यंत काही बिघडत नाही. 40 किंवा त्याहून जास्त झाली, की पुरेसं आयुष्य लाभलेल्या माणसाला हा आजार होतोच. प्रथिनात ग्लुटामिनची साखळी लांबत जाते आणि हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या मेंदूच्या खोल भागातल्या पेशी मरू लागतात. 1993 साली जनुक सापडलं, तरी आजार थांबवणारं औषध अजून आम्ही देऊ शकत नाही. म्हणूनच काहींना आधी कळायला नको असतं, आणि ते मला पूर्ण पटतं.

अडचण अशी : प्रत्येकाकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात, म्हणून रिपोर्टमध्ये दोन आकडे; त्यातली एकच प्रत मुलाकडे जाते. म्हणून आईला धोका 50 टक्के, मुलाला 25. मुलात वाढलेला आकडा निघाला, तर तो आईकडूनच आलेला. तिचाही निकाल आपोआप लागला.

"मी घरी सांगणारच नाही."

आई पहिल्यांदाच बोलली, "तू दारातून आत आलास की मला कळतं."

सज्ञान माणसाला चाचणी नाकारणं मला चूक वाटतं. पण पहिल्याच भेटीत रक्त घ्यायचं नाही, हा नियम अशाच घरांसाठी आहे. दोघांशी वेगवेगळं बोलले आणि वेळ घ्यायला सांगितलं.

पुढच्या वेळी आई एकटी आली. "आधी माझी करा." मुलाचा दबाव आहे का, हे विचारणं भागच होतं. त्या म्हणाल्या, "बाबांना शेवटी मीच भरवायचे. हे काय असतं ते मी पाहिलंय, त्याने नाही."

निकाल 19 आणि 42. ऐकायला मुलगा सोबत असावा, ही त्यांचीच इच्छा. त्याचा धोका आता 50 टक्के झाला होता. मी सांगितलं, की वडिलांकडून येताना हा आकडा मोठी उडी घेऊ शकतो, आईकडून येताना सहसा थोडाच बदलतो. आपण मोजतो रक्तातला. मेंदूच्या काही पेशींत तो आयुष्यभर वाढत राहतो, असं नव्या संशोधनात दिसलंय. 42 आकड्याच्या दोन माणसांत लक्षणं सुरू होण्याच्या वयात दहा वर्षांचंही अंतर पडतं.

इतकी घाई असलेला तो मुलगा म्हणाला, "माझी आत्ता नको. हिला आधी बघू." होणाऱ्या बायकोला त्याने सगळं सांगितलं होतं. मूल हवं असेल तेव्हा गर्भ रुजवण्याआधी तपासता येतो, हे त्याने नीट विचारून घेतलं. आईला न्यूरॉलॉजीची तारीख दिली; सोबत कोण येणार, यावर दोघांची तिथेच वादावादी झाली.